रोजचे पन्नास कोपेक

मार्च 1918. मॉस्कोतल्या कुझ्नेत्स्की मोस्त या उंची दुकानांच्या रस्त्यावर एका इमारतीला शिडी लागली. शिडीवर आडव्या अंगाचा, पोट सुटलेला एक गृहस्थ, हातात हातोडा. डावा डोळा काचेचा. आपलीच तैलचित्रं तो रस्त्यालगतच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकत होता आणि खाली बघे जमले होते. ‘भविष्यवाद्यांचं वर्तमानपत्र’ नावाचा एक अंक त्याच दिवशी बाहेर पडला होता (दुसरा अंक कधी निघालाच नाही), आणि त्यात फतवा होता की कलेने आता राजवाडे, दालनं, संग्रहालयं सोडून भिंतींवर, कुंपणांवर, चौकात यायचं. खाली तीन सह्या: मायाकोव्हस्की, कामेन्स्की, बुर्ल्युक. फतवे काढणारे त्या वर्षी रशियात पायलीचे पन्नास मिळत होते. शिडी आणि खिळे घेऊन हजर होणारा विरळा.

शिडीवरचा माणूस दाविद बुर्ल्युक. पुढच्याच महिन्यात त्याने मॉस्को सोडलं. पुन्हा तिथे पाऊल ठेवायला अडतीस वर्षं लागली, आणि तेव्हा त्याच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट होता.

मायाकोव्हस्की हे नाव आपल्याकडच्या वाचकांना, निदान डाव्या चळवळीच्या आसपास वाढलेल्यांना, नवं नाही. बुर्ल्युक मात्र बहुतेकांना भेटतो तो मायाकोव्हस्कीच्या चरित्रातल्या एका परिच्छेदात. या तरुण कवीला उपाशी राहावं लागू नये म्हणून रोज पन्नास कोपेक देणारा मित्र, एवढीच त्याची ओळख. परिच्छेद संपतो, मित्र मागे पडतो, कथानायक पुढे जातो. मला या मागे पडलेल्या माणसाची गोष्ट जास्त लांबची आणि जास्त चमत्कारिक वाटते.

बुर्ल्युकचा जन्म 1882 चा, तेव्हाच्या खार्कीव्ह प्रांतातल्या सेमिरोतिव्का या वस्तीवरचा. ती जागा आज युक्रेनमध्ये आहे. तीन भाऊ, तीन बहिणी. वडील शेतीतज्ज्ञ, बड्या जमीनदारांच्या इस्टेटी सांभाळणारे, त्यामुळे बिऱ्हाड सतत हलतं. आई स्वतः रंगवायची. पुढे मुलांच्या बंडखोर प्रदर्शनांत तिचीही चित्रं माहेरच्या नावाने लागली. भावंडांच्या खेळात लहानग्या दाविदचा डावा डोळा गेला. ज्याचा एक डोळा गेला त्याने चित्रकार व्हावं हा हट्ट घरच्यांनी हसण्यावारी नेला नाही, हे विशेष. कझान, ओडेसा, मग म्युनिक. म्युनिकमध्ये अंतॉन आझ्बे हे नामांकित शिक्षक त्याला गवताळ माळावरचा रानघोडा म्हणत. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे आझ्बेंनाच ठाऊक.

1907 नंतरची काही वर्षं वडील काळ्या समुद्राजवळ, नीपर नदीच्या खालच्या अंगाला चेर्न्यांका इथे काउंट मोर्दविनोव्हची इस्टेट पाहत होते. हजारो एकरांचा माळ, मेंढरांचे अफाट कळप, भरलेलं स्वयंपाकघर. हेरोडोटसने याच मुलखाला हिलाया म्हटलं होतं, म्हणून पोरांनी आपल्या टोळक्याचं नावही तेच ठेवलं. रशियन कवितेला आणि चित्रकलेला पुढे जो हादरा बसला त्याची तयारी अशी एका कारभाऱ्याच्या घरात, जमीनदाराच्या धान्यावर झाली. क्रांतिकारक कलेला शिधा कुणाचा, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा.

1911 च्या डिसेंबरात बेनेदिक्त लिव्हशित्स हा कवी तिथे पाहुणा गेला. त्याने वीसेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींमुळे ते घर आज आपल्याला आतून दिसतं. अलेक्झांड्रा एक्स्टर या चित्रकर्तीने पॅरिसहून पिकासोच्या ताज्या चित्राचं एक छायाचित्र आणलं होतं. दाविद आणि त्याचा धाकटा भाऊ व्लादिमीर त्या कागदावर असे वाकले होते, की जणू शत्रूच्या किल्ल्याचा नकाशा हाती लागलाय. माळावर पोचल्यावर दोघे कामाला भिडले. व्लादिमीर अंगाने पहिलवान. त्याने नुकतंच रंगवलेलं ओलं कॅनव्हास उचललं, अंगणातल्या चिखलात फेकलं, आणि त्याला चिकटलेल्या मातीखड्यांसकट त्यावर पुन्हा रंग चढवला. पाहुणा थक्क. मोठ्या भावाला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. चित्राचा पृष्ठभाग गुळगुळीत का असावा, तो खरखरीत, खवल्यांचा, काटेरी का असू नये, याच विचारात तो होता. पुढे त्याने त्यावर रीतसर निबंध लिहिला. 1911 च्या त्याच डिसेंबरात म्युनिकमध्ये कान्दिन्स्कीच्या ‘निळा घोडेस्वार’ गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं. त्यात दोघा बुर्ल्युक भावांची चित्रं होती, आणि गटाच्या प्रसिद्ध वार्षिकात दाविदचा लेखही आला. माळावरचे रानघोडे युरोपच्या मध्यावर पोचले होते.

पण दाविदचा खरा पिंड संघटकाचा. 1910 मध्ये त्याच्या मंडळींनी ‘न्यायाधीशांसाठी सापळा’ हे छोटं पुस्तक काढलं ते भिंतीला चिकटवायच्या स्वस्त कागदाच्या मागच्या बाजूवर छापून. एका अंगाला दिवाणखान्यातली फुलांची नक्षी, दुसऱ्या अंगाला ख्लेब्निकोव्हची कविता. हा ख्लेब्निकोव्ह म्हणजे विलक्षण प्रतिभेचा आणि तितक्याच गबाळ्या स्वभावाचा कवी. हस्तलिखितं कुठेही टाकून द्यायचा. ती गोळा करणं, उतरवून घेणं, छापायला धाडणं ही कामं दाविद करायचा. कवीला न विचारता मजकुरात हात घालायचा, त्यावरून भांडणंही झाली. तरी त्या कविता छापल्या गेल्या त्या बुर्ल्युकच्या उपद्व्यापामुळे, हे नाकारता येत नाही.

1911 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, बुर्ल्युक मॉस्कोच्या चित्र, शिल्प आणि वास्तुकलेच्या विद्यालयात पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तिथे अठरा वर्षांचा एक उंच, मळक्या कपड्यांतला, राजकारणापायी तुरुंग बघून आलेला मुलगा होता. व्लादिमीर मायाकोव्हस्की. आधी दोघांचं पटेना. 1912 च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी राखमानिनॉव्हच्या संगीताचा कार्यक्रम असह्य होऊन दोघेही बाहेर पडले आणि रात्रभर मॉस्कोच्या रस्त्यांवर बोलत फिरले. पुढे एका रात्री मायाकोव्हस्कीने एक कविता ऐकवली आणि ती एका ओळखीच्या माणसाची आहे अशी थाप मारली. बुर्ल्युकने थाप तिथल्या तिथे पकडली आणि तू प्रतिभावंत आहेस असं तोंडावर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तो या पोराची ओळख ‘माझा मित्र, प्रसिद्ध कवी’ अशी करून द्यायला लागला. पोराने तोवर धड काही लिहिलंच नव्हतं. मग बाजूला घेऊन दटावायचा, की आता लिही बाबा, नाहीतर माझी शोभा होईल. रोजचे पन्नास कोपेक सुरू झाले ते याच सुमारास. हे सगळं स्वतः मायाकोव्हस्कीनेच आत्मवृत्तात नोंदवलं आहे, आणि कोणाहीविषयी बरं बोलायची सवय नसलेल्या त्या माणसाने बुर्ल्युकला आपला खरा गुरू म्हटलं आहे.

1912 च्याच डिसेंबरात ‘लोकरुचीच्या थोबाडीत’ हा संग्रह निघाला. मुखपृष्ठ गोणपाटाचं, प्रती सहाशे. पुश्किन, टॉलस्टॉय, दस्तयेव्हस्की यांची सद्दी संपली असं ठणकावणाऱ्या जाहीरनाम्याखाली बुर्ल्युक, क्रुचोनिख, मायाकोव्हस्की आणि ख्लेब्निकोव्ह यांच्या सह्या होत्या. वर्तमानपत्रं तुटून पडली, आणि नेमकं तेच हवं होतं. पुढच्या हिवाळ्यात बुर्ल्युक, कामेन्स्की आणि मायाकोव्हस्की, आता स्वतःला भविष्यवादी म्हणवून घेत, दौऱ्यावर निघाले. खार्कीव्ह, ओडेसा, कीव्ह, कझान, तिफ्लिस, बाकू. गालांवर रंगवलेली चित्रं, कोटाच्या काजात लाकडी चमचा नाहीतर मुळा, मायाकोव्हस्कीच्या अंगात पिवळा सदरा. हॉल भरायचे. पोलीस समोरच्या रांगेत बसायचे. फेब्रुवारी 1914 मध्ये विद्यालयाने गुरू-शिष्य दोघांनाही एकाच दिवशी काढून टाकलं.

बुर्ल्युकची स्वतःची कविता कशी होती? पोट, भूक, कुजणं, घाण वास. सुंदर मानलेल्या प्रत्येक गोष्टीच्या अंगावर चिखल. मध्येच शब्दयोगी अव्ययं गाळून वाक्य ठेचकाळत नेणं. त्याची सगळ्यात गाजलेली कविता भुकेवरची आहे आणि ती राँबोवरून बेतलेली. मला ती धडाडीची वाटते, खोल वाटत नाही. ख्लेब्निकोव्हसारखी भाषेच्या मुळाशी जाणारी दृष्टी किंवा मायाकोव्हस्कीचा छाती फाडणारा आवाज त्याच्यापाशी नव्हता. हे त्यालाही कळत असावं. दुसऱ्याच्या प्रतिभेला पाहताक्षणी ओळखणारा माणूस स्वतःचं वजन ओळखत नसेल, हे पटत नाही. पण त्याने त्याचा विषाद मानल्याचं कुठे दिसत नाही. तो आपला लिहीतच राहिला, ढिगाने.

महायुद्ध आलं. काचेच्या डोळ्यामुळे दाविद सैन्यातून सुटला. 1915 मध्ये बायको मारूस्या आणि दोन लहान मुलांसह तो उराल पर्वताच्या अलीकडे, बाश्किरियात ऊफाजवळच्या इग्लिनो गावी सासुरवाडीच्या आश्रयाने जाऊन राहिला. तिथे त्याने सैन्याला गवत पुरवायचा धंदा केला आणि तीन वर्षं झपाटल्यासारखी चित्रं काढली. भाऊ व्लादिमीर मात्र आघाडीवर गेला आणि 1917 मध्ये सालोनिका इथे मारला गेला. आधी सांगितलेला शिडीचा प्रसंग या इग्लिनोच्या मुक्कामातून मॉस्कोला मारलेल्या फेरीतला. तेव्हा तो मायाकोव्हस्की आणि कामेन्स्कीबरोबर एका बोळातल्या ‘कवींच्या कॅफे’त रोज रात्री कार्यक्रम करायचा. एप्रिलमध्ये मॉस्कोत अराजकवाद्यांवर छापे पडले, गोळीबार झाला, कॅफेही बंद झाला. बुर्ल्युक कुटुंबाकडे परतला. मेच्या अखेरीस झेक सैनिकांच्या पलटणींनी रेल्वेमार्ग ताब्यात घेतला, यादवी पेटली, आणि मॉस्को व इग्लिनो यांच्यामध्ये युद्धाची आघाडी येऊन बसली. तो देश सोडून निघाला असं म्हणणं तितकंसं खरं नाही. परतीची वाट बंद झाली होती, आणि दुसरी वाट पूर्वेला जात होती.

त्या वाटेवर त्याने काय करावं? तर दौरा! आजूबाजूला लाल आणि पांढऱ्या फौजा एकमेकांचे गळे कापतायत, स्टेशनांवर विषमज्वराची माणसं पडलीत, आणि हा गृहस्थ चेल्याबिन्स्क, ओम्स्क, तोम्स्क, इर्कुत्स्क, चिता अशा एकेका गावी उतरून भिंतींवर कागद डकवतोय: रशियन भविष्यवादाचा जनक येत आहे. संध्याकाळी व्याख्यान, कवितावाचन, शेजारी चित्रांचं प्रदर्शन, दाराशी पुस्तिकांची विक्री. कोल्चाकच्या, म्हणजे बोल्शेविकांच्या हाडवैऱ्याच्या, राज्यात तो मॉस्कोतल्या मायाकोव्हस्कीच्या कविता खणखणीत आवाजात म्हणायचा, लोक तिकीट काढून ऐकायचे. ओम्स्कला अंतॉन सोरोकिन नावाचा विक्षिप्त लेखक भेटला, जो स्वतःला लेखकांचा राजा म्हणवून घ्यायचा. बुर्ल्युकने त्याला अखिल रशियन भविष्यवादी संघाच्या वतीने ‘सायबेरियाचा राष्ट्रीय प्रतिभावंत’ असल्याचं प्रमाणपत्र लिहून दिलं. असा संघ होता का, हे विचारण्यात अर्थ नाही. बुर्ल्युक जिथे उभा असेल तिथे संघ.

या दौऱ्याचा हिशेब मात्र गंभीर आहे. उरालपलीकडे ज्या कवितेचं नाव फारसं पोचलं नव्हतं ती त्याने पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत हाताने वाहून नेली. 1919 च्या उन्हाळ्यात तो व्लादिव्होस्तोकला पोचला. तिथे आसेयेव्ह आणि त्रेत्याकोव्ह हे कवी आधीच होते. एका तळघरातल्या क्लबात पुन्हा मैफली सुरू झाल्या. बंदरात जपानी युद्धनौका उभ्या, शहरात अनेक देशांचे सैनिक.

ऑक्टोबर 1920 च्या पहिल्याच दिवशी बुर्ल्युक आणि त्याचा चित्रकार मित्र व्हिक्तर पाल्मोव्ह जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरले. सामानात शेकडो चित्रं होती. दोनच आठवड्यांत तोक्योमध्ये होशी या औषध कंपनीच्या इमारतीत जपानमधलं पहिलं रशियन चित्रप्रदर्शन भरलं. इतक्या झटपट हे कसं जमवलं असेल? भाषा येत नाही, ओळख नाही, खिशात दमडी नाही. पण रंगवलेला गाल, कानात डूल आणि भडक जाकीट घालून रस्त्याने चालायची कला होती, आणि वर्तमानपत्रं कुठल्याही देशातली असली तरी अशा माणसामागे धावतात हा अनुभव गाठीशी होता. योगायोग असा की जपानी तरुणांनी आपली भविष्यवादी कलासंस्था आदल्याच महिन्यात स्थापली होती. त्यांना हा आकाशातून पडलेला वऱ्हाडी वाटला असणार. त्यांच्यातल्या किनोशिता शूइचिरोबरोबर त्याने भविष्यवाद म्हणजे काय ते समजावणारं पुस्तक लिहिलं. ते 1923 मध्ये जपानीत प्रसिद्ध झालं. विसाच्या दशकातल्या जपानी नवचित्रकलेचा इतिहास लिहिणारे आजही बुर्ल्युकच्या या दोन वर्षांना वगळत नाहीत.

पोटासाठी मात्र तो दोन हातांनी रंगवत होता. एका हाताने मित्रांना दाखवायचे तुकडे-तुकडे झालेले आकार, दुसऱ्याने गिऱ्हाइकाला आवडतील अशी समुद्रदृश्यं आणि व्यक्तिचित्रं. पहिला हिवाळा त्याने दक्षिणेच्या ओगासावारा बेटांवर काढला. कोळी, मासे सोलणारे हात, ज्वालामुखीचा काळा दगड. फुजी पर्वताची चढण, बेटावरचे दिवस यांवर त्याने पुढे छोटी गद्य पुस्तकं लिहिली. कवितेपेक्षा ती वाचायला जास्त गोड आहेत, कारण त्यांत ओरडायची घाई नाही.

तो जपानमध्ये असतानाच, 1920 च्या डिसेंबरात, सगळ्यात धाकटा भाऊ निकोलाय, हाही कवी, दक्षिण युक्रेनमध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या गोळीला बळी पडला. तीन भावांतला दाविद तेवढा उरला. 1922 च्या जूनमध्ये ख्लेब्निकोव्ह एका खेड्यात हालहाल होऊन वारला. पाल्मोव्ह माघारी गेला. बहीण मारियाना आणि तिचा झेक चित्रकार नवरा व्हाक्लाव्ह फियाला प्रागला गेले. बुर्ल्युक मारूस्या आणि दोन मुलांना घेऊन अमेरिकेच्या बोटीत चढला. सप्टेंबर 1922 मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला तेव्हा चाळिशीचा होता आणि इंग्रजी यथातथाच.

इथे त्याचं तंत्र अडलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर रंगवलेल्या गालाकडे कोण वळून बघणार? त्या शहरात रोज शंभर प्रकारची जत्रा भरते. व्याख्यानाने लोकांना चिडवायचं, तर चिडवण्याजोगी भाषा हातात हवी. चित्रांना दुभाषा लागत नाही, म्हणून चित्रकार म्हणून त्याला थोडा शिरकाव मिळाला. 1923 मध्ये ब्रुकलिन म्युझियमच्या रशियन कलेच्या प्रदर्शनात तो होता. कॅथरीन ड्रायर या आधुनिक कलेच्या खंद्या पुरस्कर्तीने त्याची बाजू लावून धरली आणि पुढे त्याच्यावर पुस्तकही लिहिलं. यंत्रं, रेडिओलहरी, शहराचा वेग यांवर त्याने मोठमोठी कॅनव्हासं रंगवली, ‘रेडिओ शैली’ नावाचा नवा वादही काढला. विकलं फारसं काही गेलं नाही. कवी बुर्ल्युकला तर वाचकच उरला नाही. क्रांतीतून पळून आलेल्या उमराव-अधिकाऱ्यांच्या नजरेत तो बोल्शेविकांचा भाट, कारण त्याने सोव्हिएत सत्तेविरुद्ध कधी चकार शब्द काढला नाही. आणि सोव्हिएतांच्या नजरेत देश सोडून गेलेला. मधल्या मध्ये ‘रुस्की गोलोस’ या सोव्हिएतधार्जिण्या रशियन दैनिकाने त्याला नोकरी दिली. तिथे तो 1940 पर्यंत राबला. लोकरुचीच्या थोबाडीत मारणारा माणूस न्यूयॉर्कच्या रशियन कामगारांसाठी निघणाऱ्या पेपरची प्रुफं तपासत होता.

1925 च्या जुलैअखेर मेक्सिकोमार्गे मायाकोव्हस्की न्यूयॉर्कला आला. सात वर्षांनी भेट. एव्हाना शिष्य सोव्हिएत देशाचा सगळ्यात मोठा आवाज झाला होता आणि गुरू भाड्याच्या घरात संसार ओढत होता. तीन महिने बुर्ल्युक त्याच्या मागेपुढे होता: शहर दाखवायचा, व्याख्यानांना हजर राहायचा, दोघं एकमेकांची रेखाचित्रं काढायचे. मायाकोव्हस्कीच्या दोन कविता-पुस्तिका त्याने स्वतःच्या चित्रांसह तिथेच छापून काढल्या. म्हणजे परदेशातही धंदा तोच, कवीही तोच. ऑक्टोबरच्या शेवटी मायाकोव्हस्की परत गेला. 14 एप्रिल 1930 रोजी त्याने मॉस्कोत स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्या मृत्यूनंतर एक विचित्र गोष्ट घडली. 1935 मध्ये स्टालिनने मायाकोव्हस्की हा सोव्हिएत युगाचा सर्वश्रेष्ठ कवी असं जाहीर केलं, आणि तो शाळेच्या पुस्तकांत गेला. त्याच्याबरोबर त्याचं आत्मवृत्तही. म्हणजे ज्या देशात भविष्यवादाचं नाव काढायची सोय उरली नव्हती, जिथे त्रेत्याकोव्हला 1937 मध्ये आणि लिव्हशित्सला 1938 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या, तिथे रोज पन्नास कोपेक देणारा बुर्ल्युक मात्र छापील पानावर शाबूत राहिला. तो स्वतः समुद्रापलीकडे जिवंत होता ही बाब अडचणीची, म्हणून तिच्याविषयी मौन. 1940 मध्ये त्याने मायदेशी यायची परवानगी मागितली. बदल्यात मायाकोव्हस्कीविषयीचे कागद आणि शंभरावर चित्रं द्यायची तयारी दाखवली. नकार आला. मला तर वाटतं तो नकार त्याच्या पथ्यावरच पडला.

पुढच्याच वर्षी बुर्ल्युक कुटुंब लाँग आयलंडवरच्या हॅम्प्टन बेज या किनाऱ्यालगतच्या गावी राहायला गेलं. राफाएल आणि मोझेस हे सॉयर बंधू, निकोलाय चिकोव्हस्की असे चित्रकार आसपास जमू लागले आणि अर्थातच एक गट तयार झाला. चित्रं आता खपत होती: होड्या, गायी, खेडवळ बायका, फुलं, मारूस्या, पुन्हा मारूस्या. रंग इतका जाड, की वाळलेल्या कॅनव्हासवरून बोट फिरवलं तर खवले लागावेत. चांगली आणि सुमार चित्रं यांत शेजारी शेजारी असतात. हात आखडता घेणं त्याला कधी जमलंच नाही. शिवाय त्याने आपली जुनी, रशियात राहिलेली चित्रं आठवणीने पुन्हा काढून त्यांवर जुन्याच तारखा टाकल्या, असं अभ्यासक सांगतात. त्यामुळे 1907 ते 1914 चा बुर्ल्युक नेमका कोणता, हे ठरवताना तज्ज्ञांच्या नाकी नऊ येतात. ही लबाडी आहे. पण घर, भाऊ आणि चित्रं एका झपाट्यात गमावलेल्या माणसाने पुन्हा उभी केलेली वखारही ती आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

त्याचं अमेरिकेतलं सगळ्यात आगळं काम मात्र भिंतीवर टांगलेलं नाही. 1930 पासून तो आणि मारूस्या ‘कलर अँड राइम’ नावाचं नियतकालिक काढत होते. प्रकाशक मारूस्या, आधीच्या रशियन पुस्तकांवरही प्रकाशक म्हणून तिचंच नाव असायचं. दिवसभरात दाविद काय बोलला, कोण आलं, कोणतं चित्र रंगवलं, ती टिपून ठेवायची आणि ते छापायची. 1911 च्या मॉस्कोच्या आठवणी, परवाच्या सहलीचं वर्णन, चित्रांचे ठसे, कविता, व्हॅन गॉगच्या पावलांवर पाऊल ठेवून आर्ल गावी केलेल्या प्रवासाची दैनंदिनी, सगळं एकाच मोटेत. संपादन म्हणाल तर नावाला नाही. असे साठेक अंक 1966 पर्यंत निघाले. आत्मस्तुतीचा हा डोंगर पाहून प्रथम हसू येतं. मग त्यातच ख्लेब्निकोव्हविषयी, व्लादिमीरविषयी, चेर्न्यांकाच्या घराविषयी अशा गोष्टी सापडतात ज्या सांगायला दुसरं कुणीच जिवंत उरलं नव्हतं.

1956 मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, सोव्हिएत दार किलकिलं झालं आणि मायाकोव्हस्कीचा मित्र म्हणून बुर्ल्युक दांपत्याला मॉस्कोचं निमंत्रण आलं. चौऱ्याहत्तरीचा बुर्ल्युक मायाकोव्हस्कीची एकेकाळची प्रेयसी लिल्या ब्रिक हिला भेटला, आसेयेव्हला भेटला. सन्मान झाला, फोटो निघाले. चित्रांचं प्रदर्शन नाही. 1965 मध्ये तो आणखी एकदा जाऊन आला. दरम्यान ताम्बोव्ह गावच्या निकोलाय निकिफोरोव्ह या संग्राहकाशी त्याचा पत्रव्यवहार जुळला. मानलेला मुलगा म्हणून त्याला तो पत्रांवर पत्रं पाठवायचा, सोबत रेखाटनं, ‘कलर अँड राइम’चे अंक, आठवणी. आपलं नाव मायदेशात रुजवायला त्याने सरकारची वाट पाहिली नाही, टपालखातं पुरलं.

15 जानेवारी 1967 रोजी तो लाँग आयलंडवर वारला. रक्षा अटलांटिकमध्ये सोडली. अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड लेटर्सने त्याला सदस्य करून घेतलं ते त्याच वर्षी, मरणानंतर. मारूस्याही त्याच वर्षी गेली. इग्लिनोला मागे ठेवलेली तीसहून अधिक चित्रं ऊफाच्या नेस्तेरोव्ह संग्रहालयात आहेत.

आता त्याच्या चित्राखालच्या पाटीवरून वाद आहे. रशियन संग्रहालयं त्याला रशियन म्हणतात. युक्रेनचे अभ्यासक त्याचं जन्मगाव, कोसॅक पूर्वज आणि त्याने हौसेने रंगवलेला लोककथेतला कोसॅक मामाय पुढे करतात. न्यूयॉर्कचे चित्रविक्रेते त्याला रशियात जन्मलेला अमेरिकन म्हणून विकतात. त्याला विचारलं असतं तर त्याने तिन्ही पाट्या लावून घेतल्या असत्या, चौथी स्वतः रंगवून आणली असती, आणि ती ठोकायला शिडी मागितली असती.